ज्याचा दिवा लागला नाही

"यंत्रं ठणठणीत आहेत," जुनैद पटवेकर म्हणाला. "बावीसच्या बावीस. एकातही खोट नाही."

ईश्वरी दुधाळेचा चेहरा पडला. नाशिकच्या त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ती सकाळपासून ताटकळत बसली होती ती एकाच आशेवर, की यंत्रे बिघडलेली निघावीत. टेबलावर उमरकुंडच्या शाळेतून मागवलेले उमजदीप ओळीने मांडले होते. लिंबाएवढे, काळसर काचेचे दिवे. वर्षभरात त्यांतला एकही धड लागला नव्हता, आणि त्यामुळे राज्यातल्या प्राथमिक शाळांच्या यादीत उमरकुंड अगदी तळाशी जाऊन बसले होते.

तळाच्या शाळेचे काय करायचे ते ठरलेले होते. तिचे समायोजन करायचे. प्राथमिक शिक्षण देखरेख मंडळात शाळा बंद करतात असे कोणी म्हणत नसे. समायोजन करतात, असे म्हणायची रीत होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ईश्वरी त्या विभागाची सहसंचालक होती. शुक्रवारच्या बैठकीत तिने शिफारस वाचायची, सदस्यांनी हात वर करायचे, आणि उमरकुंडच्या बावीस मुलांची रवानगी तालुक्याच्या निवासी शाळेत व्हायची. त्यांत सहा-सहा वर्षांची पोरे होती. ती मग आईच्या दृष्टीस पडणार दिवाळीला.

"पुन्हा एकदा नीट सांग," ती म्हणाली. "बैठकीत कोणी विचारलं तर माझी फजिती नको. दिवा नेमकं काय मोजतो?"

जुनैदला असे प्रश्न आवडत. मेंदूतल्या लहरींचा तो तज्ज्ञ होता आणि त्याच्याकडे येणारे अधिकारी बहुधा फक्त सही कुठे करायची तेवढेच विचारत. त्याने खिशातून खाऱ्या दाण्यांची पुडी काढली, एक दिवा ईश्वरीसमोर सरकवला आणि टेबलावर एक दाणा ठेवला.

"हा एक. आता याच्याभोवती तीन मांडतो. किती झाले?"

"चार."

"चौकोन झाला, दोन बाय दोनचा. आता आणखी पाच. नऊ झाले, तीन बाय तीन. मग सात मांडले की सोळा. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की दर वेळी वर्ग संख्या येते. शाळेत शिकला असाल."

"पाठ केलं होतं."

"पण अशी का येते?"

ईश्वरी दाण्यांकडे बघत राहिली. तीन दाणे पहिल्याच्या दोन बाजूंना लागले होते. पाच दाणे पुन्हा दोन बाजूंना. चौकोन दर वेळी एकेका घराने वाढत होता, आणि वाढायला दोन बाजू आणि एक कोपरा लागत होता. "अरे," ती म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे एकेक ओळ, आणि कोपऱ्याचा एक जास्त! म्हणून विषम!"

समोरचा दिवा पिवळाधमक पेटला.

"हाच तो उमज-तरंग," जुनैद म्हणाला. "गोष्ट उमजते त्या क्षणी मेंदूत एक ठरावीक लहर उठते. दिवा ती हातभर अंतरावरून टिपतो. मुंडी हलवून उठत नाही, घोकून उठत नाही, शेजाऱ्याचं बघून तर मुळीच उठत नाही. इथे लबाडी चालत नाही, मॅडम."

लबाडीनेच तर मंडळाचे आजवर वाटोळे केले होते. तपासणी आली की शेजारच्या गावातून हुशार मुले उसनी आणायची, फळ्यावर उत्तरे लिहून ठेवायची, आणि वर शंभर टक्के निकालाचे कागदी घोडे नाचवायचे, हे सगळे ईश्वरीने उमेदवारीच्या काळात डोळ्यांनी पाहिले होते. मग चार वर्षांपूर्वी दिवे आले. त्यांच्या पाठोपाठ पाठचालक आला. कोणत्या वर्गात कोणत्या तासाला काय शिकवायचे ते ठरवणारी ही कृत्रिम बुद्धी सगळ्या शाळांना जोडलेली होती, आणि तिला एकच काम दिले होते: जास्तीत जास्त दिवे लागू देत. तेव्हापासून राज्याचा आलेख वर चढत होता. मंत्रालय खूश होते. निधी वेळेवर येत होता, पोरांच्या ताटात अंडे पडत होते.

उमरकुंडला मात्र धरणाच्या फुगवट्यामुळे धड तार पोहोचत नव्हती, त्यामुळे पाठचालक तिथे नव्हता. होते ते फक्त दिवे, आणि न लागणारे.

"मग जाऊन या," जुनैद म्हणाला. "साहेबांनी सांगितलंच आहे ना."

सांगितले होते खरे. मंडळाचे अध्यक्ष डॉ. अभिराम सबनीस यांनी तिला परवा बोलावून घेतले होते. विचारात पडले की मनगटावरचे घड्याळ काढून मुठीत आवळून धरायची त्यांना सवय होती. तसे ते धरून, तिच्याकडे न बघता ते म्हणाले होते, "उमरकुंडच्या कागदावर सही करण्याआधी एकदा जाऊन या. माणसानं जाऊन यावं." समायोजनाची शाळा पाहायला आजवर कोणी गेले नव्हते. ईश्वरीने ओळखले, ही शिक्षा आहे. गेली दोन वर्षे उमरकुंडचे नाव तळाशी येऊनही समायोजनाच्या अंतिम यादीतून कसे कोण जाणे गळत होते. या वर्षी ती यादी थेट मंत्रालयातून आली, तेव्हा "मला आठवडाभर वेळ द्या" म्हणण्याचा आगाऊपणा तिने केला होता. तो साहेबांना झोंबला असणार.

तिने बावीस दिवे पिशवीत भरले आणि निघाली.

*

जीपचा रस्ता पाण्यापाशी संपला. पुढे नाव होती. जुने उमरकुंड पाण्याखाली गेले तेव्हा पाडा या डोंगरावर चढला आणि शाळा त्या डोंगरावर राहिली, म्हणून मुले रोज नावेने जात. नाव रमिला नावाच्या मुलीचा आजोबा हाकत असे. दोन वल्ह्यांपैकी एक त्याच्या हातात, दुसरे मुलांपैकी कोणाच्या तरी. रमिला पाचवीत होती, म्हणजे त्या शाळेत सगळ्यांत मोठी, आणि नावेत तिचाच दरारा होता. आजोबालाही ती मधून मधून दटावत होती.

ईश्वरी मुलांपासून लांब, मागच्या फळीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. नाव सुटली तशी मुलांची बडबड सुरू झाली, सगळी त्यांच्या पावरी बोलीतून. मोठी पोरे लहानांची गचांडी धरून काही तरी विचारत होती, लहानगी बोटे मोडत, आभाळाकडे बघत उत्तरे देत होती, मध्येच कोणी तरी खडे मांडत होते, मध्येच हशा पिकत होता. ईश्वरीला त्यातले अक्षर कळले नाही. पोरे खेळताहेत, तिला वाटले. इथे एवढी चळवळी असतात आणि वर्गात दिवे का लागत नाहीत?

वर्गात तिने दिवे पुन्हा ज्याच्या त्याच्यापुढे मांडले आणि सोपान गुरुजींना म्हणाली, "चालू द्या तुमचं. मी इथे आहे असं समजूच नका."

असे म्हटल्यावर कोणता माणूस मोकळा होतो? गुरुजींना कपाळभर घाम फुटला. त्यांनी चौथीला अपूर्णांक शिकवले, जीव तोडून शिकवले. भाकरीचे चित्र काढले, ती कापली, वाटली. मुले हाताची घडी घालून शहाण्यासारखी बसली होती. बावीस दिवे काळेठिक्कर. दुसरीची वजाबाकी झाली, तिसरीला पाण्याची वाफ कशी होते ते झाले. एक दिवा लागेल तर शपथ.

मधल्या सुट्टीत गुरुजी तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "म्याडम, मी लातूरकडचा. मला यांची बोली येत नाही, यांना माझी मराठी जड जाती. चार वर्षं झाली, काय चुकतंय तेच कळंना गेलंय. दुसरा चांगला मास्तर द्या, मला घालवा. पण शाळा नका हो घालवू. ही बारकी लेकरं कुठं जातील?"

 ईश्वरी तशीच वर्गात गेली आणि चौथीतल्या एका पोराला तिने विचारले, "अर्धी भाकरी तिघांत वाटली तर एकाला किती?"

"एक षष्ठांश," पोरगा म्हणाला. तिचे वाक्य पुरते संपलेही नव्हते.

"का?"

"पुऱ्या भाकरीचे सहा होतील ना तसे." हे कोणी विचारावे याचेच त्याला नवल वाटले.

तिने दुसऱ्याला विचारले, तिसऱ्याला विचारले. उलटसुलट विचारले, फसवून विचारले. दुसरीतल्या एका चिमुरडीने हातचा का घेतात ते तिला काड्यांच्या जुड्या सोडून दाखवले. गुरुजी दारात उभे राहून ऐकत होते आणि त्यांच्या तोंडाचा आ मिटत नव्हता. त्यांनी चार वर्षे मुलांऐवजी दिव्यांकडेच बघितले होते, बिचाऱ्यांनी. ईश्वरीनेही दुसरे काय केले होते?

संध्याकाळी परतीच्या नावेत तिने दिव्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि रमिलाला शेजारी बसवले.

"तुम्हा सगळ्यांना येतं. मग दिवा का गं लागत नाही?"

"आम्ही लागू देत नाही," रमिला अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे?"

रमिलाने तिच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "बाई, दिवा लागला म्हणजे त्याला आधी येत नव्हतं. गुरुजींसमोर सापडला तो. चोरी पकडली तसा दिवा ओरडतो. पहिल्या वर्षी सगळ्यांचे लागले, लई लाज वाटली. मग आम्ही ठरवलं, ज्याचा दिवा लागंल त्यानं परतीला वल्हं मारायचं. आता शाळेत येतानाच नावेत सगळं करून घेतो, आपल्या बोलीत. मोठ्यानं धाकट्याला उद्याचं आजच सांगायचं."

"आणि तुला कोण सांगतं?"

"मी पुस्तक वाचते. कळेपर्यंत वाचते. मला वल्हं नाही मारायचं."

ईश्वरी ऐकत होती. सकाळची ती गचांडी, ते खडे, तो हशा. ती शाळाच होती. शाळा नावेत भरत होती आणि दिवे पलीकडच्या डोंगरावर वाट बघत होते. दिवा एखादी गोष्ट येत असण्याचा नव्हताच मुळी. तो ती येऊ लागण्याच्या क्षणाचा होता. ज्याला येतच होते त्याच्यासाठी त्याने का लागावे?

तिच्या मांडीवरच्या पिशवीत लख्ख उजेड पडला.

"बाईंचा लागला! बाईंचा लागला!" नाव हलेपर्यंत पोरांनी गिल्ला केला. "बाई, वल्हं घ्या!"

नियम म्हणजे नियम. ईश्वरीने वल्हे घेतले. हाताला फोड येईतो मारले, आणि कितीतरी वर्षांनी पोटातून हसली.

काठ जवळ आल्यावर रमिला म्हणाली, "मागं एक म्हातारा साहेब आला होता. मी दुसरीत होते. त्यालाबी असंच सांगितलं. तो हसला नाही पण. हातातलं घड्याळ काढून मुठीत धरून पाण्याकडे बघत बसला. आम्ही ओरडलो, पडंल म्हणून."

कोणी तरी तपासनीस असेल, ईश्वरीच्या मनात आले, आणि ती बैठकीच्या विचारात गुंतली.

*

"दाणे काढ," प्रयोगशाळेत शिरताशिरताच ती म्हणाली.

जुनैदने दाणे मांडले. एक, तीन, पाच, सात. "का येते वर्ग संख्या?"

"दोन बाजू आणि कोपरा." तिने दिव्याकडे बोट केले. दिवा काळा होता. "अजून सांगू? पुन्हा विचार. शंभरदा विचार. हा आता माझ्यासाठी कधी लागणार नाही. मला काही समजत नाही असं लिही तुझ्या आलेखात!"

जुनैदने कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही चाचणी नेहमी नव्या गोष्टींवर घेतली. जुन्या गोष्टींवर घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शिकवायचं म्हणजे नवीनच शिकवायचं, नाही का?"

"तू मला आता उलटं सांग," ईश्वरी हळू आवाजात म्हणाली. हा प्रश्न तिला सगळ्या रस्त्याने छळत आला होता. "न लागणारा दिवा म्हणजे येतं, असंही असू शकतं. मग रोज लागणारा दिवा म्हणजे काय?"

जुनैद संगणकाकडे वळला. त्याने यादीत वरच्या टोकाला असलेल्या शाळेची नोंद पडद्यावर घेतली, शहरातली, जिला लागोपाठ आदर्श शाळेचा मान मिळाला होता ती. भागाकाराचा पाठ शोधला. मुलांना तो जूनमध्ये उमजला होता, झाडून सगळे दिवे लागले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा सगळे दिवे. मग दिवाळीच्या तोंडावर. मग संक्रांतीनंतर.

"तोच पाठ," जुनैद तारखांवरून बोट फिरवत म्हणाला. "तीच मुलं. पाठचालकाला दिवे हवे होते. मुलांना एखादी गोष्ट पक्की येऊ लागली की दिवे लागायचे थांबतात. म्हणून पक्की होण्याआधीच तो विषय बदलतो. विसरू देतो. विसरली की पुन्हा तोच पाठ काढतो. मुलांना पुन्हा उमजतं, पुन्हा आनंद, पुन्हा दिवे. मॅडम, याला कोणी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. दिवे लागू देत, एवढंच सांगितलं होतं."

"सगळीकडे?"

"जिथे जिथे पाठचालक आहे तिथे."

म्हणजे उमरकुंड सोडून जवळपास सगळीकडे. ईश्वरी खुर्चीत बसली. तिने आजवर ज्या शाळांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या त्यांतल्या किती शाळा मुलांना येत नाही म्हणून बंद झाल्या, आणि किती येते म्हणून? तिला भरून आले आणि रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

*

मंडळाच्या सभागृहातही प्रत्येक खुर्चीपुढे एक उमजदीप होता. ही सबनीसांचीच करणी. पूर्वी काही अंगाशी आले की "अहवाल आम्हाला नीट समजला नव्हता" म्हणून सदस्य हात झटकून मोकळे होत. सबनीसांनी नियम केला: ज्याचा दिवा विषय मांडताना लागेल त्यानेच त्या विषयावर मत द्यायचे. ज्याचा लागणार नाही त्याला समजले नाही असे नोंदवायचे आणि बाजूला बसवायचे. एखाद्याला विषय आधीपासूनच ठाऊक असेल तर काय, हा प्रश्न कधी उद्भवला नाही. मंडळात वाचून येण्याची सवय कोणालाच नव्हती.

अध्यक्ष धरून पाच सदस्य होते. बैठक सुरू होताच सबनीस म्हणाले, "दुधाळेबाई, उमरकुंडचं समायोजन करायचं की नाही, एवढंच सांगा. पाल्हाळ नको."

"नाही करायचं, साहेब. आणि का ते दाखवायला मला मूठभर दाणे लागतील."

कोणीतरी हसले. ईश्वरीने सगळ्यांसमोर दाणे मांडले आणि वर्ग संख्या का येते ते विचारले. वित्त सदस्य शशिकला नाईकनवरे यांना सगळ्यांत आधी उमजले. त्या चक्क टाळी वाजवून मोकळ्या झाल्या. एकेक करत पाचही दिवे लागले. सबनीसांचाही लागला.

"आता पुन्हा," ईश्वरी म्हणाली आणि तिने तेच दाणे तसेच मांडले, तेच विचारले. पाचही दिवे काळे.

"आपल्याला कळत नाही असं समजून हे मंडळ आता बंद करू या का?" ती म्हणाली. "उमरकुंडच्या मुलांचं नेमकं हेच झालं आहे. त्यांना आधीच येतं."

शशिकलाबाईंचा दिवा भक्कन लागला. मग त्यांच्या शेजारच्याचा. मग उरलेल्या दोघांचा. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांच्या खुर्चीपुढे मात्र अंधार होता.

"एका शाळेवरून राज्य चालत नाही," सबनीस कठोर आवाजात म्हणाले. "हा आलेख पडला तर उद्या निधी थांबेल. पगार थांबतील, मुलांचं जेवण थांबेल. याचा विचार केलात? आलेख खोटा आहे असं सांगणाऱ्याला मंत्रालयात कोण उभं करील? आणि तुम्हाला या खुर्चीत कोण ठेवील?"

"कोणी नाही ठेवणार, साहेब. ठाऊक आहे मला."  नाव, पावरी, परतीचे वल्हे, तिने सगळे सांगितले. सहा वर्षांची पोरे कुठे जातील तेही सांगितले; पाठचालकाचे तेवढे मागे ठेवले. चौघांचे दिवे पुन्हा पुन्हा लागत होते. पाचवा लागला नाही.

सचिवांनी मत मागितले. दोघांनी समायोजनाच्या बाजूने हात वर केले. आलेखाची भीती सगळ्यांत मोठी होती. शशिकलाबाई आणि आणखी एक जण विरुद्ध गेले. दोनास दोन. सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.  आता सगळे त्या एका हातावर होते.

"साहेबांना मत देता येत नाही," सचिव चाचरत म्हणाले. "दिवा लागलेला नाही. यंत्र बिघडलं असेल तर बदलून..."

"बिघडलं कसं असेल? दाण्यांच्या वेळी लागला होता की," शशिकलाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले आणि त्या हसत म्हणाल्या, "का हो साहेब, तुम्हाला समजलं नाही, की आधीच ठाऊक होतं?"

हसण्यात कोणी सामील झाले नाही. प्रश्न साधा होता आणि त्याची दोनच उत्तरे होती. ठाऊक होते म्हणावे तर आजवरच्या प्रत्येक समायोजनाचा जाब द्यावा लागणार. समजले नाही म्हणावे तर मत गेले.

सबनीसांनी समोरच्या काळ्या काचेकडे पाहिले.

"समजलं नाही," ते म्हणाले. "तसंच नोंदवा. मी बाजूला बसतो."

"मग दोनास दोन. ठराव फेटाळला गेला," सचिवांनी घाईघाईने वाचले. "उमरकुंडची शाळा चालू राहील."

ईश्वरीने श्वास सोडला. वाचली. नाव उद्याही सुटेल. तिने डोळे पुसले आणि मान वर केली, तेव्हा सबनीस खुर्ची मागे सरकवून भिंतीपाशी बसले होते. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढले होते, ते मुठीत आवळून धरले होते, आणि खिडकीबाहेर बघत होते.

मागं एक म्हातारा साहेब आला होता.

समोर ठेवलेला ईश्वरीचा स्वतःचा दिवा सकाळपासून काळा होता, कारण बैठकीत मांडलेले सगळे तिला आधीच ठाऊक होते. तो आता एकदम पेटला.

तीन वर्षे. तीन वर्षांपूर्वी हा माणूस त्या नावेत बसला होता. रमिलाने त्याला सगळे सांगितले होते. उमरकुंडचे नाव यादीतून गळत होते ते यानेच गाळले म्हणून, आणि या वर्षी गाळता आले नाही तेव्हा याने तिला पाठवले. शिक्षा नव्हतीच ती. स्वतः तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून त्याने दुसऱ्या कोणाला तरी नावेत बसवले. त्याचे पाय धरावेत असे तिला वाटले. दुसऱ्याच क्षणी त्याच्या अंगावर धावून जावेसे वाटले. एक उमरकुंड वाचवले त्याने! बाकीच्या शाळांवर तो सह्या करत राहिला, तिच्याकडून करवून घेत राहिला, आणि पाठचालक आज या घटकेलाही राज्यभरच्या मुलांना विसरायला लावत होता, हेही त्याला उमजलेले असणारच.

"दुधाळेबाई," शशिकलाबाईंनी तिच्या दिव्याकडे बोट दाखवले, "तुम्हाला आता आणखी काय उमजलं?"

सबनीसांनी वळून पाहिले. त्यांची नजर आधी दिव्यावर गेली, मग तिच्यावर.  मुठीतले घड्याळ त्यांनी सावकाश मनगटाला बांधले आणि ते ताठ बसले.

ती गप्प बसली तर आज सगळेच सुखरूप घरी जाणार होते. शाळा वाचली होती. तिची खुर्चीही कदाचित वाचली असती. पण ज्याचा दिवा लागतो त्याने परतीचे वल्हे मारायचे, हे तिने तळहातावरच्या फोडांसकट कबूल केले होते.

"सांगते," ईश्वरी म्हणाली. "सचिवसाहेब, नोंद चालू ठेवा. आदर्श शाळांपासून सुरू करते. आणि अध्यक्षसाहेबांचा दिवा या वेळीही लागणार नाही, तो बदलायला कोणाला पाठवू नका."